सातचा भोंगा

१

कुलूपवाल्या काकांचं डोकं उजव्या कानाच्या वर फुटलं होतं, आणि ज्याने ते फोडलं त्याचं एका घावाने समाधान झालं नव्हतं. इमारतीच्या मागच्या बोळात, जिन्याच्या पायथ्याशी, म्हातारा पालथा पडला होता. रक्त फरशीच्या उताराने मोरीपर्यंत पोचलं होतं. त्या रक्तात गुडघे टेकून आणि काकांचं डोकं मांडीवर घेऊन जो बसला होता, तो होता इस्त्रीवाल्या आक्काचा धाकटा भाऊ.

त्याला पहिल्यांदा पाहिलं समोरच्या किराणावाल्या काकूंनी. "मारलं रे! ह्याने म्हाताऱ्याला मारलं!" त्या किंचाळल्या, आणि पुढचं काय सांगावं? अर्धी गल्ली बोळात घुसली. धाकटा सांगत होता, "मी आत्ता आलो, काका अजून श्वास घेतायत, गाडी बोलवा." पण ऐकतो कोण? पहिली लाथ बरगडीत बसली, दुसरी तोंडावर. सलूनवाल्याने त्याचा उजवा हात पाठीमागे पिळला तेव्हा हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. वाळकी काटकी मोडावी तसा.

वर जिन्यातून शिंपीमास्तर ओरडत होते, "सोडू नका त्याला! टॉवरचं खातो आणि आपल्या माणसांचे मुडदे पाडतो!"

तेवढ्यात आक्का आली. पन्नाशीची, ठेंगणी बाई. हातात तापलेली इस्त्री होती तशीच घेऊन ती गर्दीत शिरली. वायर मागून फरफटत होती.

"जो पुढे येईल त्याच्या तोंडावर ठेवीन!" ती म्हणाली. "मग ओळखू येणार नाहीत तुम्ही, तुमच्या आयांनासुद्धा."

गर्दी मागे सरली. काकांचा श्वास तोवर थांबला होता.

आता धाकट्यावर गल्लीचा एवढा राग का, ते ऐका. गल्लीच्या टोकाला पूर्वी कारखाना होता. तो बंद पडला, पाडला, आणि तिथे काचेचा टॉवर उभा राहिला. गल्लीतली माणसं एकेक करून दूरच्या वस्त्यांमध्ये निघून गेली आणि त्यांच्या जागी नवी आली. आक्काला हे सगळं कपड्यांवरून कळलं होतं. आधी तेलाचे डाग पडलेले निळे डगले यायचे. मग ते यायचे थांबले. आता लिननचे शर्ट येत होते, आणि नवी मंडळी बजावून सांगत होती की फार कडक करू नका, थोड्या सुरकुत्या असू द्या. "सुरकुत्याच हव्यात तर माझ्याकडे कशाला आणता, उशाशी घेऊन झोपा," असं आक्का म्हणायची, आणि तरी करून द्यायची.

तिच्या तीन मजली जुन्या इमारतीत तीनच भाडेकरू उरले होते. पुढे रस्त्यालगत आक्का, मागे काका, पहिल्या मजल्यावर मास्तर. बिल्डरला इमारत रिकामी हवी होती. काका म्हणायचे, "माझ्या प्रेताला उचलून न्या." त्यांच्या भिंतीवर गल्लीतल्या प्रत्येक घराची जादा किल्ली टांगलेली होती. त्यातली निम्मी घरं आता जगात नव्हती. आणि अशा वेळी आक्काच्या भावाने टॉवरच्या फाटकावर रखवालदाराची नोकरी धरली होती. गल्लीच्या लेखी तो फितूर होता.

फौजदार आले तेव्हा धाकट्याचा एक डोळा बंद झाला होता. फौजदारांची वर्दी अकरा वर्षं आक्काच्याच हातची. ते तिला बाजूला घेऊन म्हणाले, "आक्का, कपड्यांवर रक्त, जागेवर सापडला, टॉवरच्या नोकरीवरून काकांशी गेल्या आठवड्यात भांडलेला. चार वाजता त्याला कोर्टात उभा करतो. खुनाचं कलम लागलं की माझ्या हातात काही राहणार नाही."

"साहेब, तो मुंगी चिरडत नाही."

"चारपर्यंत वेळ आहे. मला दुसरं काहीतरी आणून दे."

धाकट्याला गाडीत चढवताना कुणीतरी दगड मारला. तो आक्काच्या कपाळाला लागला.

२

कपाळावर ओला फडका बांधून ती समोरच्या सलूनमध्ये शिरली. सलूनवाला आरशासमोर बसून स्वतःचेच हात बघत होता.

"ह्याच हातांनी मोडलास ना त्याचा हात?"

"आक्का, मला वाटलं—"

"वाटण्याचं नंतर बघू. तू काय ऐकलंस ते सांग."

तो ओशाळला. "पहिलं गिऱ्हाईक खुर्चीत होतं. फेस लावला, भोंगा झाला, वस्तरा उचलला. आणि मागून किंकाळी आली. एकच. मला वाटलं, कुणाचं तरी नेहमीचं भांडण."

भोंगा म्हणजे जुन्या कारखान्याचा. कारखाना गेला तरी टॉवरवाल्यांनी पाण्याच्या टाकीवरचा भोंगा शोभेसाठी ठेवला होता, आणि जुना पंपवाला रोज सकाळी सातला तो मिनिटभर वाजवायचा. कानठळ्या बसवणारा आवाज. गल्लीची सकाळ त्यावरच चालायची.

"भोंगा झाला होता? नक्की?"

"घ्या! चाळीस वर्षं त्याच्यावरच वस्तरा उचलतोय मी. घड्याळ बंद पडलंय तरी दुरुस्त करत नाही."

किराणावाल्या काकू आधी बोलेनात. मग म्हणाल्या, "भोंगा झाला, मी शटर वर केलं, आणि किंकाळी. देवाशपथ. मग दुधाच्या पिशव्या लावल्या, झाडून घेतलं, तुमच्या मागच्या बोळात कचरा टाकायला गेले तर तुझा भाऊ त्या रक्तात. माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस गं?"

"विचारलं असतं," आक्का म्हणाली.

काकूंनी मान खाली घातली.

कोपऱ्यावर नवं कॉफीचं दुकान होतं. जिथे पूर्वी सायकली दुरुस्त व्हायच्या तिथे आता झाडाच्या कुंड्या होत्या. दुकानाची मालकीण, तरुण मुलगी, डोळे सुजेपर्यंत रडली होती. काकांनी तिचं कुलूप तीनदा फुकट उघडून दिलं होतं.

"मी काहीच ऐकलं नाही हो मावशी. मी वरच राहते. रोज त्या मेल्या भोंग्याने उठते, शिव्या घालत उठते, पण उठते. आज त्याच्यातही झोपून राहिले. आठला दार उघडलं तेव्हा गिऱ्हाईकं बाहेर ताटकळत उभी."

एका टेबलाशी बिल्डरचा माणूस बसला होता. घरातही काळा चष्मा घालायचा, म्हणून गल्ली त्याला गॉगल म्हणायची. आक्का सरळ त्याच्या समोर जाऊन बसली.

"म्हाताऱ्याला कुणी मारलं?"

"तुमच्या भावाने, असं ऐकतोय." तो हसला. "बाई, आम्हाला कुणाला मारायची गरज काय? तुमची इमारत महिन्याभरात आपल्या पायांनी खाली बसेल. भाऊ गमावलात, आता तरी शहाण्या व्हा. पेटली बिटली तर इस्त्रीचं दुकान आधी जातं." त्याने काडी ओढली, तिच्या पदराजवळ धरली आणि फुंकून टाकली.

आक्का उठली ती ताठच.

मास्तर आपल्या दुकानात शिलाईयंत्रापुढे बसले होते, पण सुई हलत नव्हती. 'इमारत सोडणार नाही' असं भाषण दर रविवारी जिन्यात उभं राहून देणारा हा माणूस. गल्लीत उरलेल्यांचा पुढारीच म्हणा ना.

"मास्तर, तुम्ही काकांच्या डोक्यावरच राहता. किती वाजता ऐकलंत?"

"किती वाजता ते कसं सांगू? आज भोंगाही झाला नाही. मी झोपलो होतो आक्का, किंकाळीनेच जागा झालो. खाली बघतो तर तुझा भाऊ." ते हळू झाले. "वाईट वाटतं मला. पण रक्ताचं नातं आहे म्हणून डोळे झाकू नकोस."

"भोंगा झाला की. सगळे सांगतायत."

मास्तरांनी यंत्राचं चाक उगाच फिरवलं. "झाला असेल मग. यंत्राच्या खडखडाटाने कान गेले माझे."

जिना उतरताना आक्काचं तिकडे लक्षच नव्हतं. तिला दुसरंच उमगलं होतं, आणि काळीज असं उडत होतं की जिना उतरते की उडते ते तिला कळेना.

३

"साहेब, किंकाळी भोंग्याच्या पाठोपाठ आली! म्हणजे सातला!" ती ठाण्यात धापा टाकत म्हणाली. "आणि माझा भाऊ सातला फाटकावर होता. तिथे कॅमेरा आहे."

फौजदारांनी फोन फिरवला, बराच वेळ ऐकलं आणि ठेवला. "सात वाजून दहा मिनिटांनी रात्रपाळी संपवून फाटकातून निघाला. आणि गल्लीत त्याला बघितलं ती वेळ असेल सात-वीस." त्यांनी पहिल्यांदा टोपी काढली. "दोन साक्षीदार भोंग्याची शपथ घेतात म्हणतेस? मग हा सुटला, आक्का. एकच काम कर. भोंगा वाजवणाऱ्याकडून एक ओळ लिहून आण, आज बरोब्बर सातला वाजवला म्हणून. चारला कोर्टाऐवजी मी त्याला दवाखान्यात पाठवतो."

कोठडीच्या गजांतून धाकट्याने ऐकलं असावं. फुटक्या ओठांनी तो हसायला बघत होता.

टॉवरच्या तळघरात पंपवाले दादा एका उलट्या बादलीवर बसले होते. सत्तरीचा माणूस, कारखाना चालू असल्यापासूनचा. आक्काने सगळं सांगितलं आणि कागद पुढे केला. म्हातारा कागदाकडे बघतच राहिला.

"कुणी सांगितलं तुला भोंगा झाला म्हणून?"

"सगळ्यांनी."

"सगळ्यांनी," ते म्हणाले. "काल संध्याकाळी वरून निरोप आला. नव्या लोकांची लेकरं दचकून उठतात, उद्यापासून बंद. सकाळी सातला मी खटक्याशी उभा होतो पोरी. हात वर केला नि खाली घेतला. वाटलं, आता गल्लीतून कुणीतरी धावत येईल, विचारेल, दादा, काय झालं, मेलात का? कुणी आलं नाही. आणि आता तू सांगतेस, लोकांनी तो ऐकला!"

 आक्का पाइपाला धरून खाली बसली.

माणसाचं असंच असतं बघा. रोजची गोष्ट आपण कानांनी ऐकतच नाही, सवयीने ऐकतो. सलूनवाल्याने फेस लावला, म्हणजे भोंगा झालाच. काकूंनी शटर उचललं, म्हणजे भोंगा झालाच. दोघंही खोटं बोलले नव्हते. आणि दोघांच्या खऱ्या साक्षीला आता कवडीची किंमत नव्हती. किंकाळी सातला आली असेल, नाहीतर सव्वासातला. सव्वासातला धाकटा गल्लीत पोचलेला होता.

दादांनी तिच्या हातातून कागद ओढून घेतला. कानामागची पेन्सिल काढली आणि गुडघ्यावर ठेवून ठळक अक्षरांत लिहिलं: आज सकाळी सात वाजता भोंगा वाजवला. खाली सही केली.

"घे. वरच्यांचा निरोप तोंडीच होता, ते काही कोर्टात बोलायला येत नाहीत. तुझ्यामाझ्याशिवाय कुणालाही माहीत नाही. जा, पोराला सोडव."

४

कागद कमरेला खोचून ती निघाली. तीन वाजत आले होते. ठाणं उजवीकडे होतं आणि पावलं उजवीकडेच चालली होती. देवा, तूच दिलास, ती मनात म्हणत होती. तूच त्या म्हाताऱ्याच्या हातात पेन्सिल दिलीस. खोटं आहे, पण माझा भाऊ तर खरा आहे ना? तुझ्यामाझ्याशिवाय कुणालाही माहीत नाही.

ती थबकली. मागून येणारा एक सायकलवाला तिच्यावर आदळता आदळता शिव्या देऊन गेला.

कुणालाही माहीत नाही, हे खोटं होतं. गल्लीतल्या एका माणसाला माहीत होतं. आज भोंगाही झाला नाही, असं तो तिच्या तोंडावर म्हणाला होता, आणि पुढच्याच श्वासात म्हणाला होता की मी झोपलो होतो.

झोपलेल्या माणसाला कसं कळेल? कॉफीवाली झोपली होती, तर तिला वाटलं भोंगा झाला आणि आपणच उठलो नाही. झोपलेला माणूस दोष स्वतःच्या झोपेला देतो. जे जागे होते, कामात होते, त्यांनाही तो ऐकू आला. सबंध गल्लीत तो झाला नाही हे फक्त त्यालाच कळलं जो श्वास रोखून त्याची वाट बघत होता. आणि त्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजाची वाट कोण बघेल? ज्याला त्याच्या आड दुसरा आवाज लपवायचा आहे तो.

कसला आवाज?

काल इस्त्री करताना तिने मास्तरांना शिव्या घातल्या होत्या. त्यांच्या दोन्ही पॅंटींच्या दुमडीत पांढरी पूड होती. पाणी शिंपडलं तसा तिचा चिखल झाला आणि इस्त्रीच्या तळाला चिकटून बसला, सुरीने खरवडावा लागला. शिंप्याचा खडू असेल असं वाटलं होतं. पण शिंप्याचा खडू पडतो मांडीवर आणि बाहीवर, आणि गरम इस्त्रीखाली तो विरून जातो. हा घोट्याशी होता आणि दगडासारखा घट्ट झाला होता. हा चुना होता. भिंतीचा.

आणि गॉगल म्हणाला होता, इमारत महिन्याभरात आपल्या पायांनी खाली बसेल.

सगळं स्पष्ट होतं, आणि त्याहून एक गोष्ट स्पष्ट होती. मास्तरांवर बोट ठेवायचं तर आधी म्हणावं लागणार होतं की भोंगा झाला नाही. म्हणजे कमरेचा कागद फाडावा लागणार होता. ज्या वाक्याने मास्तर अडकणार, त्याच वाक्याने धाकटा पुन्हा आत जाणार. आणि मास्तर अडकलेच नाहीत तर?

कोपऱ्यावर उभी राहून तिने काकांचं पालथं पडलेलं अंग पुन्हा एकदा डोळ्यांसमोर आणलं. मग फोन काढला.

"साहेब, भोंगा झाला नव्हता. माझ्याकडे झाला असं लिहिलेला कागद आहे, तो खोटा आहे."

 "आक्का, तुला कळतंय का तू काय बोललीस? मी आता त्याला सोडू शकत नाही."

"कळतंय. तुम्ही आमच्या मागच्या बोळात या. मास्तरांना आवळायला माणसं आणा."

"पुरावा काय?"

"तोच बघायला चाललेय," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

५

बोळातलं रक्त कुणीतरी पाण्याने धुतलं होतं, तरी फरशीच्या फटी लाल होत्या. पोलिसांना गुन्हेगार हातातच मिळाला होता, त्यामुळे जिन्याखालच्या पोत्यांकडे कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. आक्काने पहिलं पोतं ओढलं, मग दुसरं.

मागे इमारतीचा मुख्य खांब होता. कमरेएवढ्या उंचीवर तो अर्ध्याहून जास्त खाल्लेला होता, उंदराने भाकरी कुरतडावी तसा. आतली गंजलेली सळी उघडी पडली होती. एका दिवसाचं काम नव्हतं ते. खालच्या घावांवर धूळ बसलेली होती, वरचे पांढरेफटक. रोजचं एक मिनिट, आणि खांबाच्या पोकळीत खोचून ठेवलेला घण.

तिने हात पुढे केला. पण दुसरा हात तिच्या आधी पोचला.

"आक्का," मास्तर म्हणाले, "तुला नको त्या ठिकाणी सुरकुत्या काढायची फार खोड."

ते जिन्यावरून अनवाणी उतरले होते. घणाच्या तोंडाला काकांचे पांढरे केस चिकटलेले होते.

"किती दिवस, मास्तर?"

"नऊ. दहावा आज होता." त्यांचा चेहरा घामाने निथळत होता, आणि बोलणं थांबत नव्हतं, जणू कुणीतरी विचारावं म्हणून ते सकाळपासून वाट बघत होते. "इमारत धोकादायक ठरली की तुम्ही दोघं आपोआप बाहेर. कुणाला मारायचं नव्हतं, कुणाला! नव्या इमारतीत मला काचेचं दुकान कबूल केलंय गॉगलने. तू बघतेस ना, कोण शिवतं आता कपडे? तयार आणतात आणि फेकतात. तुझं बरं आहे, त्यांच्या सुरकुत्या तरी तुझ्या वाट्याला येतात. मी दिवसभर त्या यंत्राकडे बघत बसतो."

"काकांना का मारलंत?"

"सात वाजले, भोंगा नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मी घण घेऊन मूर्खासारखा उभा. आणि म्हातारा दार उघडून बाहेर आला. खांब बघितला, मला बघितलं. म्हणाला, मास्तर, तू? रविवारी भाषण देणारा तू?" त्यांनी डोळे मिटले. "मी पहिला घाव त्याला गप्प करायला घातला. तो ओरडला. मग त्याने माझी पॅंट धरली. पुढचे किती घातले ते आठवत नाही."

"आणि माझ्या भावाचा जीव घ्यायला वरून ओरडत होतात ते?"

 घण वर गेला.

आक्काने हातातलं चुन्याने माखलेलं पोतं त्यांच्या तोंडावर फेकलं. घाव डोक्यावरून चुकला आणि गळ्याच्या हाडावर आला. तिच्या डोळ्यांपुढे पांढरं झालं, डावा हात लोंबकळला. ती भिंतीवर आपटली. मास्तरांनी पोतं झटकलं, चुन्याने आंधळे झालेले डोळे एकदा पुसले आणि दोन्ही हातांनी, सगळा जीव एकवटून दुसरा घाव घातला. आक्का खाली बसली. घण तिच्या डोक्यावरून जाऊन नऊ दिवसांच्या त्या खांबात घुसला.

आधी काहीच झालं नाही. मग आतून कुणीतरी कण्हावं तसा आवाज आला. सळी वाकली. वरच्या जिन्याचा पहिला टप्पा सुटला आणि विटा, लाकूड, चुना असा सगळा लोंढा खाली आला.

धूळ थोडी बसली तेव्हा मास्तर मांडीपर्यंत गाडले गेले होते. तोंडातून रक्त येत होतं. वर काहीतरी अजून करकरत होतं.

"आक्का," ते म्हणाले, "आक्का, बाई, मला ओढ."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. बाहेरचा उजेड चार पावलांवर होता. तिने एकच शिवी घातली, अशी की जी ती आयुष्यात कधी बोलली नव्हती, आणि उजव्या हाताने त्यांच्या कॉलरला धरलं. मास्तर किंचाळले. तिने पाय भिंतीला लावून ओढलं, पुन्हा ओढलं. दुसऱ्या खेपेला त्यांचा एक पाय कुठल्यातरी भलत्याच दिशेने वळून बाहेर आला. तेवढ्यात फौजदार आणि दोघे शिपाई धावत आले, सर्वांनी मिळून दोघांना गल्लीत खेचलं, आणि जिना पूर्ण खाली आला.

रस्त्यावर सलूनवाला, काकू, कॉफीवाली सगळे उभे होते. मास्तर फरशीवर पडल्या पडल्या जे बोलत होते ते प्रत्येकाने आपल्या कानांनी ऐकलं.

६

संध्याकाळी उजेड होता तोवरच महापालिकेची माणसं आली आणि इमारतीच्या दारावर लाल रंगाची फुली मारून गेली. आत जायला बंदी. गॉगलला पकडायला शिपाई गेले तेव्हा तो गाव सोडून गेला होता. पण काय हो, ज्याला इमारत रिकामी हवी होती त्याला ती मिळाली.

सलूनवाल्याने जीव धोक्यात घालून आक्काच्या दुकानातून एक गाठोडं काढून आणलं. त्याने ते तिच्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, "आक्का, माझा हात मोड. खरंच मोड. मी ओरडणार नाही."

"माझा एकच हात चालतोय," आक्का म्हणाली. "नंतर ये."

दवाखान्यातून गळ्यात हात अडकवून ती ठाण्यासमोरच्या बाकावर येऊन बसली. धाकटा बाहेर आला तोही तसाच, गळ्यात हात. एकाचा उजवा, दुसरीचा डावा. तो तिच्यापासून हातभर अंतर ठेवून बसला. फौजदारांनी त्याला सगळं सांगितलेलं दिसत होतं.

तो रस्त्याकडेच बघत बोलला.

"तुझ्याकडे कागद होता."

"होता."

"मी चारला सुटलो असतो."

"सुटला असतास."

"तू स्वतःच्या तोंडाने मला परत आत टाकलंस." त्याचा चांगला डोळा भरून आला. "मी त्या गजांना धरून चार वाजायची वाट बघत होतो आक्का. चार वाजले. कुणी आलं नाही. शिपाई म्हणाला, तुझ्या बहिणीनेच साक्ष मोडली. मी त्याला खोटारडा म्हणालो. त्याने कानाखाली मारली."

आक्काने गाठोड्याची सुटलेली गाठ एका हाताने आवळली.

"मास्तर सापडले नसते तर?"

तिला सांगता आलं असतं की सापडणारच होते, माझी खात्री होती. बहिणी असंच सांगतात. पण तिची खात्री नव्हती, आणि आजच्या दिवसात तिला आणखी एक खोटं पेलवणार नव्हतं.

"तर तू आत राहिला असतास," ती म्हणाली. "आणि मी रोज दुपारी डबा घेऊन दाराशी आले असते. तू जेवला नसतास तरी आले असते. तुझे केस पिकेपर्यंत."

 रस्त्यावरून एक बस गेली, मग दुसरी.

"डब्यात काय आणलं असतंस?" त्याने विचारलं.

"भोपळा."

"मी भोपळा खात नाही."

"मला माहीत आहे. तिथे कोण विचारतंय?"

धाकट्याच्या तोंडून आधी एक विचित्र आवाज निघाला, आणि मग तो बरगड्या धरून हसायला लागला. हसताना कळवळत होता, "हसवू नकोस, मरेन", आणि रडतही होता. मग तो हातभर अंतर सरकून आला. त्याने डाव्या हाताने गाठोडं उचललं.

"चल. कुठे जायचं ते चालता चालता ठरवू."